चालू गाडीला सेल

सिहोरा,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राखीस बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापू अमररावांनाही सांग.

इकडे सगळं ठीक आहे. उन्हाळी धानाची रोवणी आटोपली. थंडीत तुझ्या आईचे गुडघे कुरकुरत होते, आता बरे आहेत. तू म्हणशील, घरात दोन-दोन मोबाइल असताना बाबांना पत्राची हौस कुठून आली. सांगतो. आधी गाडीचं ऐक.

आपल्या गुरांच्या कोठ्यातली सेलिका गाडी. खाणीवरच्या साहेबांनी जपानहून आणवलेली आणि बदली झाल्यावर मला देऊन टाकलेली, ती लाल, दोन दारांची. राइस मिलमधून निवृत्त झाल्यापासून मी तिच्यामागे लागलोय. कव्हर काढलं तर आतलं अर्धं वायरिंग उंदरांनी फस्त केलेलं. दोष उंदरांचा नाही. आपणच इतकी वर्षं बियाण्याच्या धानाची पोती तिच्या मागच्या सीटवर ठेवत आलो. जगात कुणी स्पोर्ट्स कारची कोठी केली नसेल, ती आपण केली. खालचा पत्राही सडला होता. टिकारामने, आपल्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने, नवा बसवून दिला. ब्रेकचे रबर नागपूरहून आणले. इंजिन मी एकट्याने खोललं आणि एकट्याने बांधलं, हे जरा मिरवूनच सांगतो.

अडलं ते कार्बोरेटरवर. या गाडीला दोन आहेत. दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन नीट चालतं. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरायचं, आणि हवेचा आवाज ऐकत स्क्रू फिरवायचा. मी तीन दिवस फिरवला. काही ऐकू येईना. नळी चोंदली असेल म्हणून तुमसरहून नवी आणली. तीही तशीच.

चौथ्या दिवशी मी आत बसून चाबी फिरवत, सेल मारत होतो. गाडी सुरू होत नाही म्हणून पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. टिकाराम धावत आला आणि त्याने माझा हातच धरला. त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं ते असं : "केशवभाऊ, गाडी तं चालूच आहे नं! चालू गाडीले सेल कायले मारून राहिले?"

तीस वर्षं मिलमध्ये नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा मिस्त्री मी. लोक मला मुद्दाम बोलावून न्यायचे. खरं सांगायचं तर त्याच मिलच्या घरघरीने कान खाल्ले. चार वर्षं झाली, हळूहळू जात होते. मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. समोरचा हसला की हसायचं, मान हलवायची, फोन आला की "बरं, बरं" म्हणून तुझ्या आईकडे द्यायचा.

टिकारामने घरात येऊन सगळं सांगितलं. तुझी आई मग अगदी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तं मंग त्या दिवशी पोरीचंई तुमाले आयकू आलं नव्हतं?"

मी मान हलवली. या वेळी खरी.

"दोन वर्सं झाले, पोरगी घरी नाही आली. आन् तुमी तोंड शिवून बसले. काहून?"

त्या श्रावणात तुझा फोन आला, तो मीच उचलला. तुला चौथा महिना होता, एवढं माहीत होतं. तू बराच वेळ बोललीस. मला काही कळलं नाही. तुझी तब्येत छान असल्याचं सांगत असशील, असं धरून मी म्हणालो, "लय चांगलं झालं बेटा, देवाची कृपा." फोन बंद झाला. संध्याकाळी तुझ्या आईने सांगितलं, बाळ गेलं.

तेव्हाच तुला फोन करून खरं सांगायला हवं होतं. पण मग बहिरेपण उघड झालं असतं. बाप निर्दय आहे असं तुला वाटलं तरी चालेल, पण मिस्त्री बहिरा आहे हे कुणाला कळू नये. इतका हलका विचार मी केला. त्याची लाज मला रोज वाटते.

कान नागपूरला दाखवतोय. मशीन लावलं तरी थोडंच ऐकू येईल, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. गाडीचं पुढे टिकाराम बघेल, त्याचे कान शाबूत आहेत.

राखी, त्या दिवशी तू काय काय बोललीस ते मला अजून माहीत नाही. आईने दोन शब्दांत सांगितलं, पण तू तर किती वेळ बोलत होतीस. फोन करू नकोस. ये. माझ्यासमोर बस आणि ते सगळं मला पहिल्यापासून सांग. हळू बोल, ओठांवरून बरंच समजतं. नाही समजलं तर पुन्हा विचारीन, शंभरदा विचारीन.

तुझा बहिरा बाप,
केशव