सावळ्या ओ देतो

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले एकदाची मंचरला! सांगलीची पोरगी एकटी कशी राहील म्हणून आईने डोकं खाल्लं होतं. पोरगी मजेत आहे. गेम कंपनीचं ऑफिस बाजारात, खाली कांद्याची वखार आणि वर आम्ही. येणारा प्रत्येक जण डोळे पुसतच जिना चढतो, त्यामुळे ऑफिस कायम दुखवट्यात असल्यासारखं दिसतं. खोली अवसरी खुर्दला मिळाली. इंजिनिअरिंगच्या पोरांमुळे तिथे भाड्याच्या खोल्यांना तोटा नाही. घरमालकीण गोजरबाईंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली आणि लगेच पगार विचारला. खोलीमागे विहीर, पलीकडे ऊस. झोप छान लागणार.

४ नोव्हेंबर
‘सावळ्याची उडी’ न खेळलेला माणूस माझ्या वयात सापडायचा नाही. मी तर मामाच्या कॉम्प्युटरची स्पेस-की खिळखिळी केली होती. धोतरातला सावळ्या बांधावरून पळतो, विहिरींवरून उड्या मारतो, एवढाच खेळ. इथल्याच कुंडलिक सरांनी कॉम्प्युटर क्लास चालवता चालवता तो बनवला होता. आमच्या मालकांनी, म्हणजे भरतभाऊंनी, त्याचे हक्क घेतले, यंदा तो कन्सोलवर आणला आणि तोंडावर आपटले. लोकांनी रिव्ह्यूमध्ये धू धू धुतलंय. सगळ्यांची तक्रार एकच: बटण न दाबता सावळ्या उडी मारतो आणि थेट विहिरीत जातो. एका बाईने लिहिलंय की जाताना तो खूश दिसतो. ही चूक दुरुस्त करायलाच मला घेतलंय.

मूळ खेळात उडीसाठी दोनदा दाबावं लागायचं. पहिल्यांदा दाबलं की सावळ्या नुसते कान टवकारायचा. माझ्याआधी या खुर्चीत स्वराज म्हणून मुलगा होता, त्याने ते एकदाच दाबायचं केलं. हल्लीच्या पोरांना दम कुठे असतो! मीही तेच केलं असतं. स्वराज नोकरी सोडून गेला, असं भरतभाऊ म्हणाले.

६ नोव्हेंबर
कोड स्वच्छ आहे. तीनतीनदा वाचला. शेवटी वैतागून कंट्रोलरची बॅटरीच काढून ठेवली. सावळ्या विहिरीच्या काठावर उभा होता. भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर, त्याने मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि उडी मारली. आधी मी हसले.

मग जिन्यातून कुणीतरी “हर्षाली!” अशी हाक मारली. “ओ, आले,” म्हणत मी खाली गेले. वखारीतले हमाल शपथेवर सांगतात की कुणी हाक मारली नाही. वर आले तर सावळ्या परत विहिरीत.

९ नोव्हेंबर, रविवार
पेठला जाऊन कुंडलिक सरांना भेटले. म्हातारे झालेत, पण नजर तीक्ष्ण. एकदाच दाबायचं केलंय हे ऐकल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, “आमच्याकडं भर दुपारी रानात पयल्या हाकंला ओ द्यायची नसती, पोरी. मानूस दोनदा हाक मारतं. येकदाच मारतं ते मानूस नसतं. सावळ्याला म्या तेच शिकवलं व्हतं. तुमी त्याला पयल्या हाकंला उठाया लावलं.” मग त्यांनी विचारलं, तू तर कुणाला ओ दिली नाहीस ना? मी नाही म्हणाले. का खोटं बोलले कोण जाणे.

१० नोव्हेंबर
गोजरबाईंना स्वराजबद्दल विचारलं. त्यांनी आधी मागचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “लई गुणाचं पोर. दुपारचं जेवता जेवता ‘आलो’ म्हनून उठलं. आमी कुनीच हाक मारली नव्हती वो.” तो मागच्या विहिरीत सापडला. माझी खोली त्याचीच होती. भरतभाऊंना फोनवर वाटेल ते बोलले.

आज पुन्हा हाक आली. मी ओठ दाबून धरले. पण पाय उठले. माझे पाय, मला न विचारता. दाराच्या कडीला धरून राहिले म्हणून बरं.

११ नोव्हेंबर
खड्ड्यात गेली नोकरी. बॅग भरली आणि दुपारची पुण्याची एसटी पकडली. पेठ आल्यावर कुणीतरी हाक मारली — आणि मी उतरलेली. बॅग गाडीतच. भानावर आले तेव्हा कुणाच्या तरी शेतात, विहिरीच्या कठड्यावर उभी होते. एका बाईने वेणीला धरून मागे ओढलं. वेणी तुटेल इतकं ओढलं. तिचं नावही विचारलं नाही मी.

पळून उपयोग नाही. हाक सावळ्याला येते आणि मग मला. तो पहिल्या हाकेला गप्प बसायला शिकला तर मीही वाचेन. मला मरायचं नाही.

१२ नोव्हेंबर
केलं! पुन्हा दोनदा दाबायचं केलं. दुपारभर सावळ्यासमोर बसले. त्याने कान टवकारले, मागे पाहिलं आणि जागचा हलला नाही. मलाही हाक आली. पाय तसूभर हलले नाहीत! रडले, मग वडापाव खाल्ले. अपडेट सगळीकडे पाठवलं. आईशी पोटभर बोलले. शनिवारी घरी.

१३ नोव्हेंबर
नवे रिव्ह्यू आलेत. आता तो आधी कान टवकारतो म्हणे. मग थांबतो. मग —

बॅटरी काढून बघितलं. खरं आहे. पहिल्या हाकेला थांबला, दुसरीला विहिरीत. दुसरी कुणी मारली? बटण कुणीच —

कुंडलिक सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग, “आता त्याला बी कळलं,” एवढंच. फोन ठेवला.

त्याला, म्हणजे हाक मारणाऱ्याला, मीच शिकवलं. दोनदा मारायचं.

१४ नोव्हेंबर
गोजरबाई रानात. दाराला आतून कुलूप. किल्ली खिडकीतून फेकली. पाय ओढणीने खाटेला बांधलाय. लिहीत राहिलं की तोंड बंद राहतं. लिहीत राहायचं.

ऊन चढलंय.

आली. आईचा आवाज. हर्षे, अशी. आई सांगलीत आहे. आत्ताच फोन झाला, ती सांगलीत आहे, ती —

ओ द्यायची नाही. पहिली आहे. पहिलीला नाही द्याय —

गाठ माझेच हात सोडतायत. एका हाताने लिहितेय, दुसरा —

हर्षे, अगं ए हर्षे —

दोनदा. इतक्या मायेने. आई गं, आ