काकांच्या पोटाचे दोन फोटो

११ जानेवारी १९७२, चिखली

शी! आज एक्सरेच्या फोटोला हळदकुंकू लागलं. सोजराकाकूनं जानरावकाकांच्या पोटाची काळी फिल्म देवघरात गणपतीशेजारी उभी केली. वर झेंडूचं फूल! मी अर्ध्या ताटावरून उठलो.

परवाच काकांना मुंबईहून आणलं. मीच नेलं होतं. मॅट्रिक नापास, पाच कामं सोडलेला, काकांच्या घरी आयतं खाणारा — पण घरात मुंबई पाहिलेला मीच! काकांचे डोळे दोन महिने पिवळेधमक. अंग खाजवून खाजवून गोधडीवर कोंडा पडतो. ती मी झटकतो.

१२ जानेवारी

फोटोचं लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यातून जाईल. जांघेतून दोऱ्याएवढी नळी घातली. तिच्यातून रंग सोडून फोटो काढला. मग एक औषध सोडलं, पुन्हा रंग, पुन्हा फोटो. तिथला डॉक्टर बोलका होता. म्हणाला, "माणूस भ्याला की अंगात एक रस सुटतो. हार्मोन म्हणतात. हे औषध तेच. त्यानं चांगल्या रक्तनळ्या आकसतात. कॅन्सरच्या गाठीतल्या आकसत नाहीत. म्हणून गाठ उघडी पडते." पहिल्या फोटोत पोटभर पांढऱ्या फांद्या. दुसऱ्यात सगळ्या गायब — स्वादुपिंडाच्या डोक्याशी फक्त एक वाकडातिकडा झुबका. भ्यायलाच तयार नाही हरामखोर!

डॉक्टर म्हणाला, "गाठ लहान आहे अजून. पंचवीस तारखेला ऑपरेशन करू. हमी देत नाही. पण उशीर केलात तर पोट उघडूनही उपयोग नाही."

काका तेव्हा गुंगीत. ऐकलं मी एकट्यानं. आणि बाहेर येऊन काय केलं? फाटकाशी एकजण चावीची माकडं विकत होता. तासभर माकडं पाहत बसलो!

१३ जानेवारी

घोटाळा स्टँडवरच झाला. काकांचा थोरला भगवानराव काकूसोबत घ्यायला आला होता. हा सुईआधीचा, हा नंतरचा, एवढंच मी म्हटलं. त्यानं दोन्ही फोटो ओढले, उन्हात धरले आणि ओरडला, "पाह्य ना माय! आंधी पोटभर रोग होता. सुई देल्ली अन् एवढासाच राह्यला!" पांढऱ्या फांद्या म्हणजेच रोग, असं धरलं त्यानं. काकूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माह्या लेकरानं जीव वाचवला यायचा."

लेकरू! मला! मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळासोबत फोटो! येईल त्याला दाखवतात. शेजारच्या माणिकरावांनी चिकट बोट झुबक्यावर टेकवलं. "हे गेलं का झालं. अजून एक सुई मारून आण बे यायले!" सगळे हसले. काकाही हसले. मग तूप लावून पोळी खाल्ली आणि ओकले. भांडं मीच नेलं. संडास पांढरट, तेलकट, पाण्यावर तरंगतो. वास हातून जाता जात नाही. पण ती किळस साबणानं निदान कमी तरी होते.

१६ जानेवारी

ओठावर येतं. तेवढ्यात काकू म्हणते, "लेकरा, अजून एक पोळी?" आणि मी खातो. थू!

१८ जानेवारी

मेहकरला पळालो. परत यायचंच नाही म्हणून! देवळाचे खांब मोजत बसलो, दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा मोजायचा कंटाळा आला, संध्याकाळच्या एसटीत बसलो. काका ओट्यावर बसले होते. "काऊन बे, कुठी हिंडून राह्यला होता? तू नाही तं मले घास जात नाही."

२० जानेवारी

सांगितलं. ओट्यावर, काकांनाच. "काका, ती सुई बरं करायची नव्हती, पाहायची होती. गाठ तशीच हाय. पंचवीसले बोलावलं."

काकांनी माझं मनगट धरलं. "तुले कवा समजलं?"

"तिथंच."

"दोन हप्ते झाले ना बे."

माझ्या मनगटावरचा त्यांचा हात गार पडला. नळ्या आकसल्या असतील. चांगल्या होत्या त्या.

भगवानरावानं आतून ऐकलं, अंगावर धावून आला. "लय गोड लागल्या असतीन ना पोया!" काकूनं देवघरातून फिल्म काढली, पदरानं कुंकू पुसलं.

२३ जानेवारी

सकाळची मलकापूरची एसटी, पुढं मुंबईची रेल्वे. पिशवी मी भरली, खिडकीची जागा मी धरली. काकूनं काकांना तिथं बसवलं, माझ्या हातातली पिशवी घेतली.

"तू उतर."

"काकू, तुले दादर कुठं माहीत—"

"इचारत इचारत जाऊ. तू उतर."

काका दुसरीकडे पाहत राहिले. मी उतरलो.