डोमाच्या बैठकीतले पाच जण

१७ नोव्हेंबर १९८६
भंडाऱ्याच्या अभ्यास मंडळाची सभा. पुढच्या महिन्यात परिसंवाद ठरला: 'जागतिक दहशतवाद : व्याख्या, मोजमाप, उपाय.' तिन्ही गोष्टी एका दुपारी, चहासह. वक्ते नागपूरचे प्राध्यापक. अध्यक्ष मी. अध्यक्षाला विषय ठाऊक असावा लागत नाही, आणि पत्रिका छापायला छापखाना माझाच आहे.

माझ्या साप्ताहिकाचा दिवाळीनंतरचा अंक लोक अजून मागतायत. पोस्टातल्या बाबूने भर रस्त्यात थांबवलं. "वसंतराव, डोमाचा लेख वाचून घरची मंडळी हसून लोळली." जमलाय खरा. दिवाळीला गावी होतो, कोंढ्याच्या पुढे, तेव्हाच ते घडलं. धान उभं, रानडुकरं रोज शेतात. डोमाने दरवर्षीसारखे बारुदाचे गोळे ठेवले. डुकराऐवजी एक सरकारी जीप वरून गेली. टायर फुटलं, ड्रायव्हरच्या कानात घंटा वाजल्या. मी लिहिलं: आमच्या गावात जागतिक दहशतवादाची शाखा उघडली आहे. शाखाप्रमुख डोमा पाणकर, तलावाचं पाणी वाटणारा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाच जणांची गुप्त बैठक. मागणी एकच, डुकरांनी बिनशर्त माघार घ्यावी.

एक गोष्ट लेखात घातली नाही. इथेही नको.

२१ नोव्हेंबर
सकाळी छापखान्यात डोमाची बायको, पार्बता. पहिल्या बसने आलेली. बस म्हटलं तरी बसेना.

"वसंतभाऊ, त्याइले नेलं."

"कोणी?"

"पोलिसाइनं. मंगळवारी. धान कापून रायले होते. इळा हातातच होता."

"काहून म्हणे?"

"तेच तं तुमाले इचाराले आली. पेपरात तुमीच लिवलं म्हंतेत ना सारं."

तिला वाचता येत नाही. वसंताने डोमाचं नाव छापलं एवढंच गावात कळलं होतं. तिला वाटलं, काही मान मिळणार. शेजारणींना गूळ वाटला म्हणाली. कंपोझिटर खिळ्यांच्या पेटीत मान घालून बसला. मला तीही सोय नव्हती.

२२ नोव्हेंबर
ठाण्यात. फौजदार नवे, देशावरचे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, अतिशय सभ्य. खुर्ची दिली. फाईल उघडली तर वरच माझा लेख, डिंकाने चिकटवलेला. 'पाच जणांची गुप्त बैठक' लाल पेन्सिलीने अधोरेखित.

"बाकीचे चार कोण, साहेब?"

म्हटलं, अहो, विनोद आहे तो.

"स्फोट झाला ना?"

झाला.

"वाहन सरकारी?"

सरकारी.

"डोमा आहे?"

आहे.

"म्हणजे बैठक तेवढी विनोदी?"

खुर्चीतून उठलो.

बाहेर बाकावर आमच्या गावचा पोलीस पाटील. लांबचा चुलतभाऊ लागतो. म्हणाला, "भाऊ, मी काय करू? महिन्याच्या तक्त्यात डुकराचा रकानाच नाई. 'स्फोट' हाय, 'सरकारी मालमत्ता' हाय. दोन्हीत एकेक मांडला अन् केली सही." सुगीत असे बार दरसाल होतात, आजवर त्याने एकही मांडला नव्हता. यंदा वरून तंबी आली: तक्ता कोरा धाडायचा नाही.

२४ नोव्हेंबर
वकिलांकडे. तेही मंडळाचे सभासद. म्हणाले, गोळे ठेवणं बेकायदाच आहे. पण साध्या कायद्यात जामीन होतो, शिक्षा झालीच तर थोडी. फौजदार दहशतवादाच्या नव्या कायद्यात बसवू पाहतायत. त्यात गेला की जामीन विसरा. वर्षं जातील.

दोहोंत फरक कशाचा? हेतूचा. डुक्कर हाकलायचं होतं, की सरकारला भिववायचं होतं.

"आणि हेतूला पुरावा काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सध्या तरी, वसंतराव, तुमचा लेख."

१७ डिसेंबरला कोर्टात ठरेल, कुठला कायदा.

२८ नोव्हेंबर
डोमाची भेट, जाळीतून. दाढी पांढरी उगवली आहे. त्याची दाढी वाढलेली मी कधी पाहिलीच नव्हती. गालाचं हाड निळसर.

"तुवा लिवलेलं साहेबानं वाचून दाखवलं. डुकराइनं माघार घ्यावी... मले हासू आलं गा. हासलो म्हून एक देल्ली."

मग विचारलं, "अन् मी कोन्ता वादी होय म्हंते हे लोक?"

सांगितलं. शब्द तोंडात घोळवून पाहिला त्याने. "एवढा मोठा?"

नंतर कामाचं बोलला. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, त्याच्या बापापासून याच घराने उघडायचं नि झाकायचं. "नीट झाकलं का नाई ते पायजो. झिरपत असन तं उन्हायात ढोराइले पानी नाई रायनार."

त्या दिवसाचं दोघांनीही काढलं नाही. शिपाई जवळच होता. निघताना जाळीला तोंड लावून म्हणाला, "तू कायी बोलू नोको. तुयं नाव मी घेतलं नाई."

घरी न जाता कारध्याच्या पुलापर्यंत चालत गेलो. परत आलो.

७ डिसेंबर
परिसंवाद. हॉल भरला. प्राध्यापक कृश, कोरडे, तयारीचे. व्याख्येलाच तास घेतला. हिंसा हवी, निरपराधांवर हवी, भीती हे साधन हवं, मागणी राजकीय हवी. वकील उठले: भीती सरकारनेच घातली तर? प्राध्यापक म्हणाले, जगातल्या सगळ्या सभा याच प्रश्नावर मोडतात. निवृत्त तहसीलदार मागून ओरडले, "आधी फासावर द्या, व्याख्या मग करा!" टाळ्या सर्वांत जास्त त्यांनाच.

मग मोजमाप. जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्तमानपत्रांची कात्रणं येतात, मदतनीस सारांश काढतात, दर घटनेचं एक कार्ड. खोका सोबत आणला होता. कौतुकाने भंडाऱ्याचा कप्पा उघडला. यंदा एक कार्ड. वाचून दाखवलं: स्फोट, सरकारी वाहन, पाच जणांचा गट, मागणी अस्पष्ट. आधार: माझं साप्ताहिक.

हॉल हसला. मी अध्यक्षाच्या खुर्चीत.

चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हटलं, ते कार्ड फाडा. म्हणाले, "फाडता येत नाही. शेरा मारता येतो." मी तिखट बोललो. खोका भरावा म्हणून तुम्हाला माणसं लागतात, असं काहीतरी. ते चिडले नाहीत. सांगितलं, गेल्या वर्षी समुद्रात पडलं त्या विमानात त्यांची भाची होती. सापडली नाही.

"पहिले काही दिवस लोक मला समजावत होते, अपघात असेल, अपघात असेल. म्हणून मोजतो, वसंतराव. घडवून आणलेलं कुणी अपघातात जमा करू नये."

त्यांचं खरं आहे. डोमाने घडवून आणलेलं नाही, तेही खरं आहे. दोन्हींना पुरेल असं कार्ड त्यांच्या खोक्यात नाही, आणि माझ्या डोक्यातही.

शेरा त्यांनी माझ्यासमोर लिहिला, सुवाच्य अक्षरात: 'लेखकाच्या मते विनोद.'

८ डिसेंबर
लिहून टाकतो.

पाळीवर पाच नव्हते. दोघे होतो. डोमा आणि मी.

गावाचा रिवाज असा: गोळा शेताच्या आत, कुंपणाला लागून, वाटेवर कधीच नाही. आणि ठेवला की जवळच्या झाडाला पळसाची डहाळी उलटी बांधायची. ती दिसली की गावचा माणूस वळसा घालतो. डोमा तसाच ठेवत होता. मी म्हटलं, डुकरं गाडीवाटेने उतरतात, काल मी पाहिली, तिथे ठेव. म्हणाला, "वाटेवर नाई ठेवत गा." मी म्हटलं, या दिवसांत इकडे येतंय कोण? भंडाऱ्याहून आलेला शहाणा मी. पेपरवाला. त्याने ऐकलं.

डहाळी मी बांधली. ड्रायव्हर बाहेरचा, त्याला ती काय सांगणार?

लेखात पाच जण का घातले, हे आज कळतंय. पाचांच्या गर्दीत एक दिसत नाही.

सौ.ला सांगितलं. तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग डोमाभाऊजी एकटेच का आत आहेत?"

९ डिसेंबर
लाखनीला गेलो, ड्रायव्हरच्या घरी. दाराशी खाट टाकून बसला होता. डाव्या बाजूने हाक मारली, वळला नाही. उजवीकडे जाऊन बोललो. डावा कान गेलाच म्हणतो. मी लेखात घंटा वाजवल्या होत्या.

माफी मागितली. "कायची माफी, साहेब? लेख वाचला मी. मस्त लिवता." डहाळी? "पायली न. वाटलं, नवसाची असन कोनाची."

परतताना बसमध्ये डाव्या कानात बोट घालून बसून पाहिलं.

११ डिसेंबर
जबानी लिहून ठाण्यात नेली. दीड पान. एकही विशेषण नाही. फौजदारांनी वाचली, पुन्हा वाचली आणि हसले. अगदी मनापासून.

"वा. मित्रासाठी स्वतःलाच आरोपी केलंत. पुढच्या अंकात छापा, साहेब."

म्हटलं, खरं आहे हे.

हसू ओसरलं. "खरं असेल तर पाचातले दोन सापडले. तीन राहिले."

जबानी परत हातात. वकील म्हणतात, कोर्टात सांगा. पण तुम्हालाही आत बसावं लागेल. आणि सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न असेल, खोटं कधी लिहिलंत, तेव्हा की आता?

१३ डिसेंबर
अंक निघाला. पहिल्या पानावर खुलासा, साध्या ठशात: बैठक झालीच नाही, गोळा वाटेवर ठेवायला मी सांगितलं, माणसाचा कान गेला.

दुपारी पोस्टातला बाबू धावत आला. "वसंतराव, हे तर मागच्याहून भारी!"

अठरा वर्षं खपून या शहराला मी एवढंच वळण लावलं.

१६ डिसेंबर
पार्बता मुक्कामाला आली. नव्या धानाचे पोहे आणलेत. तुडूम झिरपत होतं. तिने आणि चार बायांनी चिकणमाती भरून थांबवलं. डोमाला आधी हे सांगायचं म्हणते, बाकी मागून.

दोघींना उद्या कोर्टात द्यायची जबानी वाचून दाखवली. 'वाटेवर ठेव, असं मी म्हणालो' इथे आलो नि सौ. म्हणाली, "थांबा. तुम्ही भुवई उचलता."

"कधी?"

"आत्ता. नेहमीच. माणसं म्हणूनच हसतात."

पार्बता म्हणाली, "खाली पाहून वाचा न, भाऊ."

खाली पाहून वाचली. सौ. म्हणाली, आता खोटं वाटतं. पुन्हा वाचली. पुन्हा.

१७ डिसेंबर
दाढी करताना जबानी आरशात दोनदा म्हणून पाहिली. दुसऱ्या वेळी भुवई जागेवर होती. बहुतेक.

कोर्ट अकराला. पार्बता केव्हाची चपला घालून दारात उभी आहे.

सौ.ने पिशवी भरून ठेवलीय. पोहे, टॉवेल आणि माझं पांघरूण. डोमाला पांघरूण मागच्या आठवड्यातच पाठवलं होतं, तिनेच दिलं होतं. पिशवी मी उचलली.