बाळंतिणीचा पेपर

अक्का,

आज बाजारातून पाव किलो डिंक, खारीक, गोडंबी, खोबरं आणि गावरान तूप आलं. सगळं मिळून चौदाशे ऐंशी. वहीत लिहिताना हात जरा अडखळला, पण बाळंतिणीच्या तोंडचं मोजायचं नसतं, हे तुमचंच.

तुमच्या नातवाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोर लवकर आली आणि सगळं आपल्याच घरात निभावलं. इथवर तुम्हाला आनंदच झाला असता. पुढचं ऐका. सून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षा सव्वा महिन्याच्या आतच आली. पेपर बुडाला तर वर्ष गेलं, आणि मूल झाल्यावर सुटलेलं शिक्षण पुन्हा धरलेली बाई आपल्या गल्लीत तरी मी पाहिली नाही. ती काही मागत नव्हती. पाळणा हलवताना मांडीवर पुस्तक उघडं ठेवायची, एवढंच. तुमच्या नातवाला विचारलं तर म्हणाला, "आई, तू म्हणशील ते." आजोबांवर गेलाय.

मला सासू म्हणून तुम्ही आठवलात. माझ्या बाळंतपणात वाळलेले कपडे काढायला मी अंगणात पाय टाकते आणि तुम्ही चुलीपासून ओरडता, "उंबरा वलांडू नको, पोरी, वारं लागी जाई!" तेव्हा राग आला होता. पण त्या सव्वा महिन्यात तुम्ही मला पाण्याचा तांब्यासुद्धा भरू दिला नाहीत. उंबऱ्याच्या निमित्तानं तुम्ही माझी विश्रांती राखत होतात, असा मी अर्थ लावला, देवापुढे दिवा लावला आणि सुनेला म्हटलं, "ऊठ, केस बांध."

कानात कापूस, डोक्याला रुमाल, थर्मासमध्ये ओव्याचं पाणी. सगळी बाळंतिणीची खोलीच गाडीत घालून जळगावला नेली म्हणा. शेजारीण दारातून म्हणाली, "काय वं माय, सून कलेक्टर व्हनार शे का?" मी म्हटलं, "व्हई तं तुनं काम पह्यले करी!"

कॉलेजातल्या मॅडम भल्या. म्हणाल्या, "पाजायला मध्ये सोडू, पण वेळ वाढवून मिळणार नाही." वऱ्हांड्याच्या टोकाची खोली उघडून दिली. अर्ध्या पेपरात तुमच्या पणतीनं गळा काढला. सून आली, सोबत एक पर्यवेक्षक बाई. पाजायला बसली, पण सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. पोरगी काही सोडेना. मी म्हटलं, "सोड गं बाई, तुझी आई नापास होईल!" पर्यवेक्षक बाईसुद्धा हसल्या. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला, बाकी सगळं लिहिलं म्हणाली. घरी येऊन पोटभर जेवली, झोपली. ताप नाही, काही नाही.

परवा दुसरा पेपर आहे. हे तुम्हाला पटलं नसेल तर उलट टपाली कळवा. पत्र टाकणार कुठे, देव्हाऱ्यातच ठेवते. आणि खरं सांगते, अक्का, तुमचं "नाही" आलं तरी आम्ही जाणारच. गाडी सांगून ठेवलीय.