गेमात पॉवर-अप टाकून राहिलो

२ एप्रिल २०१८
गेम पूर्ण. नाव 'कापूस रनर'. माणूस वावरातून पळते, बोंडं वेचते, रानडुक्कर आलं की उडी मारते. बहिणीनं, आकांक्षानं, तासभर खेळला. मजा येते म्हणे. तिले मजा येते म्हणजे गेममध्ये काहीतरी कमी आहे. यूट्यूब पाहून केलेला पहिलाच गेम, कबूल. पण तसा दिसता कामा नये. पॉवर-अप पाहिजे, इफेक्ट पाहिजे. महिनाभरात प्ले स्टोअर हालवतो.

५ एप्रिल
बाबांचं पुन्हा तेच पुराण. कापूस बोंडअळीनं नेला, आता काय ती समोरच्या खोलीतली तूर. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावानं मोजल्या गेली तं मले पुण्याले, गेम डिझाइनच्या कोर्सले पाठवणार. व्यापाऱ्याले द्यावी लागली तं पुण्याचं नाव काढायचं नाही. आपला नंबर लागला की केंद्रावरून फोन येणार. नोंदणीत मोबाइल नंबर मीच माझा दिला. बाबांच्या बटनवाल्या डब्ब्यावर कोण भरवसा ठेवते?
फोन जवळ ठेवजो, म्हणे. माझ्या हातातून फोन सुटत नाही, हे या माणसाले अजून दिसलं नाही.

९ एप्रिल. भयंकर ऊन
चुंबक टाकलं. आता सारी बोंडं आपोआप माणसाकडं येते. आकांक्षा म्हणे, मंग आपण वेचायचं काय? वेचायची एवढी हौस असेल तं वावरात जा म्हटलं. गेली. आईसोबत धसकटं वेचायले खरंच गेली. अशा लोकांसाठी मी जीव आटवून राहिलो.

१४ एप्रिल
ढाल टाकली. सोनेरी उजेड, डुकराचा बाप आला तरी माणूस मरत नाही. टेस्टिंगले सरफराजले बोलावलं. अब्दुल सत्तार चाचाचा पोरगा, आमच्या धुऱ्याले लागून त्यांचं वावर. दहा मिनिटांत त्यानं फोन खाली ठेवला. मरतच नाही तं खेळायचं कायले, म्हणे. वरून फोन तव्यावानी तापला म्हणे. ट्रॅक्टर चालवणाऱ्याले गेम दाखवला ही माझीच चूक. पुढचे टेस्टर शिकलेले पाहीन.

१९ एप्रिल
डुकराचा स्फोट! ठिणग्या, धूर, सारं. ऐन स्फोटात कोण्या लँडलाइनवरून फोन. गेम बंद पडला. फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. लोनवाले, विमेवाले, कॉलर ट्यूनवाले. भिकार धंदे. या देशात कलाकाराले शांतता नाही.

२० एप्रिल
तोच नंबर. आज उचलला. "पंजाबरावांच्या घरून का?" म्हणे. बाबांचं नावही विकलं पाहा या कंपन्यांनी! त्याले पुढं बोलूच दिलं नाही. "आम्हाले काही घ्यायचं नाही. तुम्हाले कामधंदा नाही का?" म्हटलं. बेटा गार पडला. मले फार बरं वाटलं.
फोन फ्लाइट मोडवर टाकला. आता स्फोट कसे लोण्यावानी चालते.

२७ एप्रिल
सत्तार चाचाची तूर मोजल्या गेली. त्यांची नोंदणी आपल्या मागून झाली होती, मंग आपला फोन काहून नाही आला, बाबा विचारून राहिले. वशिला, म्हटलं. बाबा म्हणे सत्तारचा कोणता वशिला, त्याले तं मोटरचं कनेक्शन मिळत नाही. या भोळ्या माणसाले जग कोण समजावणार? आज स्क्रीन हलवायचा इफेक्ट टाकला. डुक्कर फुटलं की आख्खं वावर थरथरते.

४ मे
माणसाच्या पाठीवर रॉकेट. मागं इंद्रधनुष्य. बाजूनं फुलपाखरं.
बाबा म्हणे तुरीले भुंगे लागून राहिले, केंद्रावर जाऊन विचारून येतो. ऑनलाइन जमाना आहे, तुमी नुसतं त्यायचं तोंड पाहून येसान, म्हटलं. थांबले. माझ्या शब्दाले घरात वजन आहे.

१५ मे. केंद्राचा शेवटचा दिवस
बाबा सत्तार चाचाच्या गाडीवर मागं बसून गेलेच. संध्याकाळी आले. नंबर मागच्या महिन्यातच लागला होता. केंद्रावरच्या बाबूनं फोनवर फोन लावले होते. तो साऱ्यांसमोर म्हणे, "तुमच्या पोरानं मलेच कामधंदा विचारला." लोक हासले म्हणे. चाचा हासले नाही.
मी बाबांना समजावलं. कॉल आला की गेम क्रॅश होते, ही टेक्निकल अडचण आहे, मोठमोठ्या कंपन्यांनाही येते. बाबांनी सारं ऐकून घेतलं. शिवी दिली असती तं बरं झालं असतं. लाज वाटली. इथं लिहितो, दुसरीकडं कबूल करणार नाही.

१६ मे
सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. म्हणेल तो भाव. आईनं खोली झाडली.
दुपारी बाबा त्या रिकाम्या खोलीत बसले होते. मले बोलावलं. दाखव, काय बनवलं ते, म्हणे. आजवर त्यांनी गेम कधी मागितला नव्हता. मी सारे पॉवर-अप एकदम चालू करून दिला. म्हटलं, होऊन जाऊ दे. उजेड झाला, ठिणग्या उडाल्या, वावर थरथरलं. बाबांनी चष्मा पुसला. फोन जवळ नेला, मंग दूर धरला. बराच वेळ पाहत राहिले.
"याच्यात आपला माणूस कुठी आहे?"
दाखवतो म्हणून मी फोन हातात घेतला. मलेही सापडला नाही.