तिसऱ्या निपलाबद्दल भावोजींना

तीर्थरूप भावोजींस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र उभ्याउभ्या वाचू नये, बसून वाचावं, एवढी पहिल्याच ओळीत विनंती. तुमची कंबर आता कशी आहे? डेपोच्या वर्कशॉपात तुम्ही अजूनही स्वतः बसखाली शिरता आणि मग तुम्हाला बाहेर ओढायला दोन माणसं लागतात, असं ताईने कळवलं. (तिने हे गुपित म्हणून लिहिलं होतं, तेव्हा माझ्याकडून कळलं असं म्हणू नये.) इकडे सगळे बरे आहेत. बाबांची तब्येतही उत्तम आहे. मन मात्र ठिकाणावर नाही आणि त्याला कारण मी आहे. तेच लिहायला कागद घेतला, पण सुरुवात सुचेना म्हणून तीन दिवस नुसताच कागद घेतला.

सुरुवात तुमच्या मोटारसायकलपासूनच करावी लागेल. बदली होऊन जाताना तुम्ही ती साइडकारसकट माझ्या हवाली केलीत आणि मला अंगणात उकिडवं बसवून शिकवलंत की हिला चेन नाही, मागचं चाक शाफ्टवर, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या लोखंडी दांड्यावर फिरतं, त्या शाफ्टला ग्रीस भरायची तीन निपलं आहेत आणि दर दोन महिन्यांनी ग्रीसगन लावून तिन्हींत ग्रीस भरायचं. पहिलं निपल समोरच दिसतं. दुसरं जरा वाकलं की दिसतं. तिसरं सांध्यावर, रबरी टोपणाच्या आत, नेमकं साइडकारच्या बाजूला, जिथे माणसाचा हात जाईल असं ते बनवणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की बाकीची दोन कुणीही करतो, खरं काम तिसऱ्याचं. भावोजी, गेली चार वर्षं मी तुम्हाला प्रत्येक पत्रात "तिन्ही निपलांना ग्रीस दिलं" असं लिहीत आलो. त्यातली दोन खरी आहेत.

प्रयत्नच केला नाही असं नाही. पहिल्या खेपेला मी गोणपाट अंथरून साइडकारखाली शिरलो आणि बायकोला मागचं चाक हळूहळू फिरवायला बसवलं. टोपण मागे सारून मी टॉर्च धरला. चाकाच्या फेऱ्याबरोबर ते निपल एका फटीतून क्षणभर तोंड दाखवायचं आणि मी "थांब" म्हणेपर्यंत पुढे गेलेलं असायचं. (ही म्हणाली, तुम्ही थांब म्हणता तेव्हा मी थांबतेच, पण तुम्हीच उशिरा म्हणता. आमच्या संसारात हे वाक्य मी बऱ्याच बाबतींत ऐकलं आहे.) शेवटी ते एकदाचं फटीत थांबलं, तर गनची मान सरळ, ती चौकटीला अडकायची. तिरकी धरून दाबली तेव्हा ग्रीस आलं, भरपूर आलं, पण माझ्या कानात. दुसऱ्या खेपेला स्पेअर पार्टच्या दुकानदाराने गनला लावायला एक लवचीक नळी दिली. ती निपलावर इतकी घट्ट बसली की निघेना, आणि ग्रीस तर आत जाईचना. दोन दिवस ती गन गाडीच्या पोटाला तशीच लोंबत होती. पोस्टमनने विचारलं, हिला सलाईन लावलंय का. तिसऱ्या खेपेला मी हात धुतले आणि तुम्हाला पत्र लिहिलं.

आणि हे कुणी करावं, तर मी. वीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बांधतोय. पुठ्ठ्याच्या आतली शिवण कुणाला दिसत नाही म्हणूनच ती नीट घालावी, हे मी येईल त्याला ऐकवत असतो. लोक बिचारे ऐकून घेतात.

आता बाबांचं. कोपऱ्यावरचे घड्याळकाका तुम्हाला आठवत असतील, बाबांचे जिवलग. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी भर गिऱ्हाइकांत त्यांना सांगितलं की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला त्याच्याच दुकानात असं म्हणणं म्हणजे काय, हे बाबांना तेव्हाही कळलं असणार, पण घड्याळ खरंच मागे होतं, मग बाबा गप्प कसे बसणार. त्या दिवसापासून बोलणं बंद. सकाळचं फिरणं मात्र दोघांनी सोडलं नाही. त्याच रस्त्याने, त्याच वेळी, एक या कडेने, एक त्या कडेने. पुढे आम्ही गावाबाहेर राहायला आलो आणि तेही संपलं.

गेल्या आठवड्यात पेपरवाल्याकडून कळलं की काका दुकान बंद करून कायमचे मुलीकडे चालले आहेत, सोमवारी अकराच्या बसने. दोन दिवसांनी बाबांनी पेपरवाल्याजवळच निरोप धाडला की सोमवारी दहाला येतो. उलट निरोप आला, "ये म्हणावं. वेळेवर ये म्हणावं."

सोमवारी बाबा नऊलाच इस्त्रीचे कपडे घालून दारात. मला म्हणाले, "गाडी नीट आहे ना?"

मी म्हटलं, "एकदम."

(खरं तर पंधरा दिवस ती शाफ्टकडून टकटक करत होती. मी जरा वेगाने चालवायचो, म्हणजे वाऱ्यात ऐकू यायचं नाही.)

बाबा साइडकारमध्ये बसले. नाल्याच्या पुलापाशी त्यांनी विचारलं, "ही आवाज का करतेय?" मी म्हटलं, रस्ता खराब आहे. ते म्हणाले, "रस्ता तर नवा आहे." मी वेग वाढवला. पुढे चढ लागला, निम्म्यात खाडकन काहीतरी तुटलं, आणि इंजिन जोरात ओरडू लागलं तरी चाक ढिम्म. मग गाडी आपल्या मनाने मागे निघाली. मी दोन्ही ब्रेक दाबतोय, आणि बाबा साइडकारमध्ये ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, आलेला रस्ता पुन्हा उलटा बघत चाललेत. दगडी कठड्याला टेकून थांबलो तेव्हा पावणेदहा झाले होते.

पाऊण तास कुणी थांबलं नाही. मग एका गॅस सिलिंडरच्या टेम्पोवाल्याने घेतलं. दुकानापाशी उतरलो तेव्हा अकराला पाच कमी होते. शटर बंद. शेजारच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं आणि बाहेर आल्या. म्हणाल्या, "वीस मिनिटं झाली गेले. सारखे रस्त्यावर येऊन बघत होते. मुलगी ओरडायला लागली तेव्हा निघाले." मग बाबांना नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुम्हीच का ते? तुमच्यासाठी सांगून गेलेत, ते घड्याळ मागे होतं म्हणून. पण चार नाही, तीन मिनिटं."

बाबा पायरीवर बसले. "चार होती," म्हणाले, अगदी हळू, आणि बराच वेळ रुमाल शोधत राहिले. मी स्टँडवर धावत गेलो, बस वळणावर दिसली आणि गेली. परत आलो तर बाबांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, "गाडी जुनी झाली बिचारी, तू तरी काय करणार." मी म्हटलं, हो, शाफ्ट जुनाच झाला होता. भावोजी, ते रागावले असते तर मला झोप तरी लागली असती.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमची क्षमा मागावी असं पत्रभर मनात आहे, ते इथे लिहिलं असं समजावं.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. काकांची मुलगी तुमच्याच गावात, तुमच्या डेपोच्या मागच्या गल्लीत राहते, पत्ता शिंपीणबाईंकडून घेतला आहे आणि सोबत ठेवला आहे. बाबांना एकदा तिथवर न्यावं. ते "सहज आलोय" म्हणतील, ते मनावर घेऊ नये. दोघांना बसवून तुम्ही बाहेर थांबावं. चार की तीन यावर आवाज चढला तरी आत जाऊ नये.

ता. क. दुसरा. इथल्या मिस्त्रीने सांधा उघडला आणि म्हणाला, आत ग्रीसचा टिपूस नाही, हिची देखभाल कोण करतं. मी तुमचं नाव सांगितलं. त्याचीही क्षमा असावी.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने येणार नाही. बाबाच उद्या सकाळच्या बसने निघतायत, त्यांच्याजवळ देतोय. प्रवास सहा तासांचा आहे, आणि हाती लागलेला कागद वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही हे तुम्ही जाणताच. तोंडाने सांगायचं तीन दिवस ठरवतोय, जमलं नाही. पाकीट मी चिकटवलेलं नाही.