रिकाम्या बाकासाठी लेन्स

तीर्थरूप मामा,

वडीलधाऱ्यांना आपण होऊन पत्र लिहिण्याची माझी पात्रता नाही, हे जाणून या आगाऊपणाबद्दल प्रथम क्षमा मागते. आपला गुडघा आता कसा आहे? येथे सर्व कुशल. ('सर्व' या शब्दाचा खुलासा पुढे येईल.)

मामी गेल्यावर आपण स्टुडिओची किल्ली आणि तो मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा माझ्या हाती दिलात. "एका लेन्सवर स्टुडिओ चालत नाही, आणखी एक निवड. मी आता त्या खोलीत पाऊल टाकणार नाही," असे म्हणून आपण थोरल्या मावशीकडे राहायला गेलात. त्यानुसार लेन्सवाल्या काकांकडून तीन लेन्स पारखण्यासाठी आणल्या. पारखायला समोर माणूस हवा, परंतु कुणाला "जरा बसता का?" असे विचारण्यापेक्षा मला शालान्त परीक्षा पुन्हा देणे सोपे. म्हणून आपला आणि मामींचा रिकामा बाकच समोर घेतला. बाक निदान डोळे मिटणार नाही, असा माझा समज होता.

पोर्ट्रेट लेन्स लावताच कॅमेऱ्याने बाकाच्या मधोमध, बसलेल्या माणसाचे डोके येईल तेवढ्या उंचीवर, चेहरा सापडल्याची पिवळी चौकट काढली. मग ती आक्रसून एका डोळ्यापुरती झाली. (डाव्या.) मधूनच ती क्षणभर नाहीशी होई, पापणी लवावी तशी. छायाचित्रात मात्र नुसता बाक. माहितीपुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली. तीत हा विषय अभ्यासक्रमाबाहेर ठेवलेला दिसतो. नंतर मॅक्रो लेन्स लावून, बाकाच्या कापडाची वीण टिपण्यासाठी वीतभर अंतरावर गेले, तो काचेवर वाफ धरली. (मी भीतीने श्वास रोखला होता, तेव्हा ती माझी नव्हे.)

अखेर काकांना बोलावले. "ताई, कॅमेऱ्याचं डोकं फिरलंय, दुसरं काही नाही," म्हणत ते स्वतःच बाकावर बसले. कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर दोन चौकटी उमटल्या, अगदी खेटून. मी नम्रपणे म्हटले, "काका, थोडे सरकता का? त्यांना अडचण होते आहे." "कुणाला?" मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांची टोपी अद्याप येथेच आहे. फोनवर म्हणाले, लेन्सची घाई नाही, आणि टोपी तर नकोच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गिऱ्हाईक येण्यापूर्वी उजेड तपासायला आपण नेहमी मामींनाच तेथे बसवीत असा. "बघ गं पंडितीण, फोटो लोकांचे, बसायचं मात्र मी!" असे त्या मला म्हणत. मी लेन्सची पारख मांडली आणि त्या आपल्या कामावर हजर झाल्या. त्यांनी कधी खाडा केला होता का?

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. लेन्सविषयी सल्ला नको. तिसरी, वाइड अँगल, मी निवडली आहे. तीत बाक दोन्ही टोकांसह मावतो.

ता. क. पुन्हा. ती लावल्यापासून चौकट बाकाच्या डाव्या टोकाला सरकली आहे. उजवी जागा मोकळी आहे. मी तेथे बसून पडद्यावर पाहिले, तर चौकट नाहीशी झाली. उठले, तशी परत आली. म्हणजे ती जागा माझ्यासाठी ठेवलेली नाही. मामा, आयुष्यात प्रथमच कुणाला विचारते आहे: जरा बसता का?

पाठविले: मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.